अजून ओल आहे

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीला गाल लावून उभे होते. डोळे मिटलेले, एक हात भिंतीवर सपाट ठेवलेला, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा. मी खोली पाहायला गेलो होतो. मला वाटलं, गृहस्थाला भोवळ आली. धावत जाऊन त्यांना धरलं, तर त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "धरू नका. पाहून राहिलो." काय पाहताय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. थोड्या वेळाने त्यांनी गाल काढला. गालावर पांढरा चुना उमटला होता. तो न पुसताच त्यांनी मला खोल्या दाखवल्या.

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातलं ते घर त्यांच्या वडिलांनी कोणाकडून तरी जुनंच विकत घेतलेलं. विटा-चुन्याच्या हातभर जाड भिंती, एकामागे एक चार खोल्या आणि मागे आड असलेलं अंगण. पुढच्या दोन खोल्या आम्हाला, मागच्या दोन त्यांना. सगळ्या घराचा गिलावा त्यांनी खालून कमरेइतक्या उंचीपर्यंत खरवडून काढला होता. खाली उघड्या विटा, वर चुना. पाण्यातून चालायला निघालेल्या माणसाने धोतर वर खोचावं तसं ते घर दिसे. माझ्या बायकोने उंबऱ्यातूनच नाक मुरडलं. पण मी वऱ्हाडातून बदलून आलेला शाळामास्तर. गावात ओळख ना पाळख, आणि शाळा तिथून हाकेच्या अंतरावर होती. आम्ही राहिलो.

राहण्याच्या अटी काकांनी, सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणे, उभ्या उभ्याच सांगितल्या. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर, तसबीर काही लावायचं नाही. कपाट, ट्रंका, धान्याचे डबे भिंतीपासून हातभर लांब. माठ भिंतीजवळ ठेवायचा नाही. खिडक्या थंडीतही उघड्या. खाटा मधोमध. याचा परिणाम असा झाला की आमचं सगळं बिऱ्हाड खोलीच्या मध्यभागी गोळा झालं आणि भोवतीने आम्ही प्रदक्षिणा घालत फिरू लागलो. बायको म्हणे, "आपण भाडेकरू नाही, देवळातले पुजारी आहोत. देव म्हणजे यांची भिंत."

घर एवढ्या सहजासहजी का मिळालं ते पावसाळ्यात कळलं. आषाढात काडेपेटीतल्या काड्या ओढता ओढता मोडायच्या, पण पेटायच्या नाहीत. पापड डब्यातच लोळागोळा. मिठाचं पाणी. बायकोच्या लग्नातल्या शालूवर बुरशीचे हिरवट ठिपके आले तेव्हा ती ट्रंकेपाशी बसून रडली, आणि मग डोळे पुसून काकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या घराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काका मधल्या दारात येऊन उभे राहिले. आता भांडण होणार असं मला वाटलं. ते म्हणाले, "सूनबाई, शालू उन्हात नका टाकू. रंग जाईल. सावलीत वाऱ्यावर टाका." आणि परत गेले. तेव्हापासून ती त्यांच्यावर चिडायची ती पाठीमागेच.

ते जकात नाक्यावरचे निवृत्त कारकून होते. बायको कधीच वारलेली. शरीराने काटकुळे, बोलायला कमी, आणि बोलले तर भिंतीबद्दल. विटांवर पांढरा लोणा फुटे, मिठासारखा भुरभुरीत. तो ते बोटाने टिपून जिभेवर ठेवत आणि विचारात पडत. "आजचा खारट नाही, कडू आहे," असं एकदा मला म्हणाले. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? अंगणात एका जुन्या हौदात चुना बारा महिने भिजत पडलेला असे. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर असलं काहीबाही टाकून ते ढवळत बसत. होळी झाली, उन्हं कडक झाली की थापी घेऊन हातभर तुकडा लावून पाहत. तो तुकडा वैशाखापर्यंत टिके आणि मृगात पोपडे धरे. मग ते स्वतःच तो खरवडून काढत, जराही न चिडता. पण होळीच्या आधी आणि मृगाच्या नंतर त्यांनी कधी भिंतीला थापी लावली नाही. ओली भिंत झाकायची नाही, हा त्यांचा नेम एखाद्याच्या एकादशीसारखा कडक होता. पाणी आत कोंडलं की ते वर चढतं, म्हणत.

पाणी कुठून येतं याबद्दल गल्लीत प्रत्येकाचं मत होतं. काकांचं मत असं की बादशाही काळात डोंगराकडून शहरात पाणी आणलं, त्यातली एखादी खापराची नळी त्यांच्या मधल्या भिंतीखालून गेलेली आहे आणि ती कुठेतरी फुटली आहे. ती शोधायला त्यांनी अंगणात दोनदा पुरुषभर खोल खड्डे खणले होते. नळी सापडली नाही. खड्डे बुजवताना ते म्हणाले म्हणे, की ती आहे, फक्त आणखी खाली आहे.

भिंतीचा नाद त्यांना बाहेरही सुटत नसे. शनवारा मोहल्ल्यात आमच्या ओळखीच्या एका घरी वडील वारले, तिथे आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. बायाबापड्या रडत होत्या. काका भिंतीशी बसले आणि भिंतीवरून हळूहळू हात फिरवू लागले. त्यांचे डोळे भरलेले पाहून थोरल्या मुलाला आणखीच उमाळा आला, तो यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. त्याचं जरा ओसरल्यावर काकांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि मायेने विचारलं, "तुमच्या पत्र्याचं पाणी कुठी पडते?" मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. परत येताना मी जरा रागानेच बोललो. ते म्हणाले, "मास्तर, त्यांच्या घरात नातवंडं आहेत. लहान पोरं आहेत." मला त्यात काही अर्थ दिसला नाही. तेव्हा दिसला नाही.

गल्लीतल्या लोकांचं त्यांची टिंगल करायचं एक ठरलेलं वाक्य होतं. जाता-येता कोणीतरी विचारायचं, "काय काका, पोरगा केव्हा येऊन राहिला?" आणि काका तितक्याच ठरलेल्या आवाजात सांगायचे, "भिंत वाळली की." विचारणारा हसत पुढे जाई. मी नवा होतो तेव्हा मीही हसलो आहे.

यातलं खरं काय ते मला त्यांच्या बहिणीकडून कळलं. ती देडतलाईला दिलेली. शेतकरीण, धिप्पाड, तोंडाची फटकळ, आणि भावावर जीव टाकणारी. वर्षातून एकदा, कानबाईला, ती येई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी या खानदेशी घरांत कानबाई बसते. घर रंगवायचं, चौरंगावर नारळाची कानबाई मांडून तिला नथ घालायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, गहू घ्यायचे ते घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ. जो परगावी असेल त्याचीही मूठ धरायची. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. मी वऱ्हाडातला, मला हे सगळं नवीन होतं. मी दारातून पाहत होतो. काकांनी एक मूठ स्वतःची घेतली आणि दुसरी मुलाची. मुलाची मूठ घेताना त्यांनी बोटं आवळून मूठ लहान केली.

बहिणीने त्यांचा हात धरला. "भाऊ, पोरगा बापय माणूस झाला आता. पुरी मूठ घे."

त्यांनी पुरी मूठ घेतली, पण घेताना त्यांचा चेहरा पडला.

मग ती आमच्या खोलीत येऊन बसली आणि तिने सांगितलं. काकांच्या बायकोला दमा होता. मधल्या खोलीतली खाट भिंतीला लागून असे. एका पावसाळ्यात ती गेली. वैद्य म्हणाला, ही ओल तिच्या छातीत गेली. मुलगा तेव्हा पाच-सहा वर्षांचा. पुढच्या पावसाळ्यात त्याचीही छाती वाजू लागली. काका घाबरले. नागपूरला मुलाचे मामा होते, त्यांच्याकडे त्याला पाठवायचं ठरलं. स्टेशनावर मुलगा बापाचं बोट सोडेना. तेव्हा काकांनी त्याला सांगितलं, "भिंत कोरडी झाली की लगेच घ्यायला येतो."

भिंत कोरडी झाली नाही. मुलगा मामाकडे वाढला, शिकला, नागपुरातच सचिवालयात चिकटला, लग्न केलं. काका दरवर्षी कानबाईनंतर भुसावळला गाडी बदलून नागपूरला जात, मुलाच्या वाट्याचे रोट फडक्यात बांधून. एक दिवस राहत आणि परत येत, कारण इथे भिंत होती.

त्या संध्याकाळी माझ्या बायकोने आपण होऊन माठ आणखी वीतभर आत सरकवला.

पुढे राज्यांची फेररचना होणार अशी बोलणी सुरू झाली. शाळेत मधल्या सुट्टीत दुसरा विषय नसे. कोणता जिल्हा कुठे, मराठी शाळांचं काय होणार, आपण कोणाचे. माझं वऱ्हाड मुंबईकडे जाणार आणि मी इथेच मध्य प्रदेशात राहणार, हे मला घरातून बाहेर काढून दार लावून घेतल्यासारखं वाटत होतं. मी संध्याकाळी काकांपुढे तावातावाने बोलत असे. ते मधूनमधून फक्त एवढंच विचारत, "अन नागपूर? नागपूर कुठी जाईन?"

त्याचं कारण मला ज्येष्ठात कळलं. नागपुरातली राजधानी मोडणार होती. सचिवालयातल्या नोकरांची वाटणी व्हायची होती. ज्याला मध्य प्रदेशात यायचं तो भोपाळच्या खात्यात, बाकीचे मुंबई राज्यात. काकांच्या मुलाचं मूळ गाव बऱ्हाणपूर. त्याने मागितलं असतं तर मध्य प्रदेश मिळाला असता, आणि पुढे-मागे इकडची बदलीही. त्याने एका नातेवाइकाबरोबर निरोप धाडला, की यंदा कानबाईला बायको-मुलीला घेऊन येतो. घर पाहतो. मग काय ते ठरवतो, भादव्यात ऑफिसला सांगायचं आहे.

काकांनी हा निरोप मला दिवसातून कितीदा सांगितला असेल. शेवटी शेवटी तर मी शाळेतून येताना दिसलो की ते दारातूनच सुरू करीत. मुलगी तीन वर्षांची आहे. तिची छाती पण थोडी वाजते म्हणे. थोडीच. पण वाजते.

आणि आषाढात, पाऊस लागून भिंती गच्च झालेल्या असताना, ते सिमेंट घेऊन आले.

सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे. जन्मात कोणापुढे हात न पसरलेला हा माणूस कोणाकोणाच्या दारात उभा राहिला देव जाणे. बैलगाडीतून पोती उतरली तेव्हा मला खरोखर धक्का बसला. ओल्या भिंतीला हात लावायचा नाही हे मला सांगणारे हेच. मी तसं म्हणालो.

ते पोत्यावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "मास्तर, भिंत थांबते. पोरगा थांबणार नाही."

मिस्त्री आला आणि त्याने चार दिवसांत सगळ्या उघड्या विटा सिमेंटने लिंपून टाकल्या. काकांनी भिंतीच्या कडेने कोळशाच्या शेगड्या मांडल्या. दिवसभर ते त्या फुंकत, सरकवत फिरत होते. घर भट्टीसारखं तापलं. आम्ही दोघं अंगणात जेवत होतो आणि बायको कुरकुर करीत नव्हती. मग सिमेंटवर आणि वरच्या चुन्यावर एकसारखा फिकट हिरवा डिस्टेंपर दिला. शेगड्या काढल्या, फरशा धुतल्या. त्या घराला पहिल्यांदाच अंगभर कपडा मिळाला. इतकं देखणं घर गल्लीत दुसरं नव्हतं. येणारे-जाणारे डोकावून जात होते आणि काका दारात उभे राहून त्यांना आत बोलावत होते.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. डिस्टेंपर दिल्यापासून त्यांनी भिंतीला गाल लावला नव्हता. गालच काय, हातही. खोलीतून जाताना ते मधून चालत आणि भिंतीकडे पाहत नसत.

मुलगा शनिवारी आला. उंच, शांत, चष्मा लावलेला. बापाशी आदराने वागे, पण पाहुण्यासारखा. पाणी हवं असलं तर उठून घेत नव्हता, विचारत होता. सून मात्र मोकळी होती. तिने घर हिंडून पाहिलं आणि म्हणाली, "इतकं छान घर आहे, हे तर सांगत होते की नुसत्या विटा आहेत." मुलगी हिरव्या भिंतीवर तळवे घासत इकडून तिकडे धावत होती. काका हसले. आवाज करून हसले. ते असे हसू शकतात हे मला माहीत नव्हतं.

रविवारी कानबाई बसली. मधल्या खोलीत, भिंतीशीच चौरंग मांडला. पाऊस इतका की खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. आत पुरणाच्या वाफा, समया, गल्लीतल्या बायकांची गर्दी, गाणी. रोटांचे गहू घेताना यंदा तिथे मुलगा स्वतः होता. बहिणीने त्याला पुढे केलं, "तूच घे रे तुझी मूठ." त्याने मूठ भरली. काका त्या मुठीकडे पाहत राहिले. जेवण झाल्यावर मुलगा भिंत न्याहाळत सहज म्हणाला, की इथे माझं पुस्तकांचं कपाट बसेल. मी आमच्या दारातून ऐकत होतो. काकांनी लगेच सांगितलं, "टेकवून ठेव. भिंतीले टेकवून ठेव." आमच्याकडे एक पाटसुद्धा टेकवू न देणारा माणूस. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. तिला हसू आलं होतं की काय, मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मधल्या खोलीतून कोणाचाच आवाज येईना म्हणून मी गेलो. सिमेंट जिथे संपत होतं त्याच्या वर, जुन्या चुन्यात, ओलीचा काळपट पट्टा चढला होता. आधी ओल कमरेइतकी असे, आता डोक्याच्या वर गेली होती. खाली डिस्टेंपरला फोड आले होते. कानबाईच्या मागे एक मोठा फोड फुटून हिरवी सालपटं नैवेद्याच्या ताटात पडली होती. मुलगी आईच्या मांडीवर बसून श्वास घेत होती आणि तो श्वास खोलीच्या या टोकापर्यंत ऐकू येत होता.

मुलगा भिंतीपाशी उभा होता. त्याने तळवा भिंतीवर टेकवला, थोडा वेळ ठेवला, काढून पाहिला. अगदी बापासारखा. हे त्याला कोणी शिकवलं असेल? काका खोलीच्या मधोमध उभे होते. त्यांनी एकदाही भिंतीकडे पाहिलं नाही. ते मुलाच्या तळव्याकडे पाहत होते.

बहीण म्हणाली, "भाऊ, पोराले भिंत नको होती रे. तू पाह्यजे होता. तुले कधी समजीन ते?" पण हे ती इतक्या हळू म्हणाली की ते ऐकलं फक्त काकांनी आणि शेजारी उभ्या असलेल्या मी.

दुपारच्या गाडीने ते निघाले. कानबाई नदीवर पोचवायलाही थांबले नाहीत. मुलीला घेऊन थांबणं शक्यच नव्हतं, त्यांना दोष कसा द्यायचा? दारात टांगा उभा राहिला. बहिणीने रोट फडक्यात बांधून सुनेच्या हातात दिले. मुलगा बापाच्या पाया पडला, टांग्यात बसला, आणि मग मागे वळून म्हणाला, "बाबा, भिंत कोरडी झाली की कळवा. लगेच येतो."

हे तो टोचून बोलला, की सहज, की त्याला ते स्टेशन आठवतसुद्धा नव्हतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. चेहऱ्यावर काहीच नव्हतं त्याच्या.

"हो," काका म्हणाले. "कळवतो."

दिवाळीच्या सुमारास नवी राज्यं झाली. शाळेत पेढे वाटले. काकांच्या मुलाने मुंबई राज्य मागून घेतलं होतं आणि पुढे तो मुंबईलाच गेला. काकांनी ही बातमी मला स्वतः सांगितली, खालच्या आवाजात, आणि वर म्हणाले की तिकडे समुद्राची हवा आहे, दम्याला बरी असते. ती नसते, हे मला माहीत होतं. त्यांनाही असावं.

होळी झाल्यावर त्यांनी छिन्नी-हातोडी घेतली आणि सगळं सिमेंट उखडलं. मजूर लावला नाही, मला हात लावू दिला नाही. जुना चुना सिमेंटला चिकटून निघे, कुठे कुठे अर्धी वीटही. रोज सकाळी थोडं थोडं. दुपारी मी शाळेतून येई तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन विटांच्या ढिगाशेजारी बसलेले असत. एका चैत्रात ते निदान दहा वर्षांनी म्हातारे झाले. घर पुन्हा होतं तसं झालं, थोडं जास्तच वाईट. नागपूरच्या त्यांच्या वाऱ्या बंद झाल्या. मुंबईला ते कधीच गेले नाहीत. कानबाई मात्र बसे, आणि मुलाची मूठ ते पुन्हा लहान करून घेऊ लागले. बहिणीने परत त्यांना टोकलं नाही.

आणखी काही वर्षं गेली. आम्ही तिथेच होतो. दुसरं घर पाहायचं, असं बायको दर पावसाळ्यात म्हणे आणि दर हिवाळ्यात विसरे. शहरात नळाचं नवं पाणी आलं, आमच्या बाजूचे जुने झरे, नळ्या, जे काय असेल ते आटत गेलं. अंगणातल्या आडाचं पाणी खाली गेलं. आणि एका श्रावणात बायकोने माझ्यापुढे पापड धरला आणि तो मोडला. कडकन मोडला. काडेपेटीची काडी पहिल्या ओढीत पेटली. मी उठून मधल्या खोलीतल्या भिंतीला हात लावला. मग, काका घरात नाहीत असं पाहून, गाल लावला. चुन्याची कोरडी भुकटी गालाला लागली. पावसाळ्याच्या मध्यावर ती भिंत खडखडीत वाळलेली होती.

मला इतका आनंद झाला की ते परत आल्याबरोबर मी दारातच सांगितलं. काका, भिंत वाळली, मुलाला कळवा, मी पत्र लिहून देतो.

त्यांनी आत जाऊन भिंतीला गाल लावला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "नाही. अजून ओल आहे."

म्हातारपणी गालाला कळेनासं झालं असेल, असं मी समजलो. पण चार-आठ दिवसांनी शाळा लवकर सुटली आणि मी दुपारी घरी आलो, तर काका मधल्या खोलीत उकिडवे बसले होते. जवळ पाण्याचा तांब्या. ओंजळीत पाणी घेऊन ते भिंतीच्या पायथ्याशी शिंपडत होते आणि तळव्याने विटांना चोळत होते. आयुष्यभर ज्या भिंतीजवळ त्यांनी कोणाला भरलेला पेला ठेवू दिला नाही, त्या भिंतीला. मी दारात उभा आहे हे त्यांना कळलं. ते दचकले नाहीत.

मी विचारलं, हे काय करताय?

त्यांनी आणखी एक ओंजळ शिंपडली. विटा कोरड्या पडलेल्या, पाणी क्षणात पिऊन टाकत होत्या. "मास्तर," ते म्हणाले, "ओल आहे तोवर तो ओलीमुळे येत नाही. वाळली म्हणून कळवलं अन तरी आला नाही, तर मग मी लोकांना काय सांगू?" आणि मग, "मले काय सांगू?"

मी बायकोला हे सांगितलं. ती मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पापड सांभाळून ठेवायला हवेत मग," आणि उठून गेली.

त्यानंतर गल्लीत कोणी विचारलं, काका, पोरगा केव्हा येऊन राहिला, आणि काका जवळ नसले, तर मीच सांगून टाकी, की भिंत कुठे वाळली आहे अजून. लोक हसून पुढे जात. मला हसू येत नसे.

शेवटच्या आजारात ते मधल्या खोलीतच खाटेवर होते. बहीण देडतलाईहून येऊन राहिली होती. मुंबईला तार गेली होती. काकांना उठवत नव्हतं, बोलणंही कमी झालं होतं. सकाळी मी आणि बायको त्यांच्यापाशी गेलो, तर ते सारखे भिंतीकडे पाहत होते, मग तांब्याकडे, मग परत भिंतीकडे. बहिणीला वाटलं तहान लागली. तिने तोंडाशी पाणी धरलं, त्यांनी मान फिरवली.

माझ्या बायकोने तिच्या हातातून तांब्या घेतला. भिंतीपाशी खाली बसली आणि सगळा तांब्या विटांवर हळूहळू ओतला. शालूला बुरशी आली म्हणून त्या घराला शिव्या देणारी हीच बाई. मग तिने विटांना गाल लावला, काकांसारखे डोळे मिटले, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, अजून ओल आहे."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.